'आवड की पगार' असं विचारता, मग तुमची वही का झाकून ठेवता?

सगळ्या कॉलेजांचे प्रवेश विभाग, करिअर गायडन्सवाले आणि प्लेसमेंट सेल यांना,

नमस्कार.

मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही, मी एक मावशी आहे. भाचीची शाळा संपत आलीय, आता तिला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडायचाय, म्हणून मागच्या आठवड्यात तिच्याबरोबर एका कॉलेजच्या माहिती सत्राला गेले होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिथे जे झालं ते तुमच्यापैकी बहुतेकांकडे होतं. आधी एक सर आले, त्यांनी अर्धा तास सांगितलं की मनाचं ऐका, आवडेल तेच शिका, पैसा आपोआप मागे येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरे सर आले आणि त्यांनी स्लाइडवर पॅकेजचे आकडे दाखवले, कुठल्या ब्रांचला किती, सगळ्यात मोठं पॅकेज लाल अक्षरात. पुन्हा टाळ्या, यावेळी जरा जास्तच. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवरून, वीस मिनिटांच्या अंतराने दोघं एकमेकांच्या बरोब्बर उलट बोलले आणि शेजारी शेजारी जाऊन बसले. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, यातलं नक्की कुणाचं ऐकायचं?"

मला सांगता येईना. घरी येऊन विचार करत बसले, बरंच काही वाचलं, आणि वाचता वाचता तुमचाच राग यायला लागला. म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला कळेल मी कुठल्या बाजूची. मी पगाराकडे बघून शाखा घेतलेली. इतिहास आवडायचा, घेतलं इलेक्ट्रॉनिक्स, कारण घरात सगळ्यांचं म्हणणं होतं इतिहास काय घरी बसूनही वाचता येतो. ही काही रडकथा नाही हां. नोकरी लागली, पगार चांगला मिळाला, कर्ज फिटलं. फक्त झालं असं की सर्किट डिझाइन मी आयुष्यात दोन वर्षं केलं असेल नसेल, त्यानंतर मशीनची मॅन्युअल्स लिहिणाऱ्या टीममध्ये गेले ती आजतागायत तिथेच आहे आणि मजेत आहे. किचकट गोष्ट समोरच्याला कळेल अशी सांगायची, हे मला आवडतं हे मला तीस वर्षांची झाल्यावर कळलं. असं काम जगात असतं हे मला कॉलेजमध्ये एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. आणि माझी गोष्ट काही जगावेगळी नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेच्या, संशोधकांनी २०१० च्या अमेरिकन आकड्यांवरून काढलं होतं की फक्त पदवी असलेल्यांपैकी साधारण २७ टक्के लोकच स्वतःच्या मेजरशी थेट जुळणाऱ्या कामात होते. बाकीचे सगळे माझ्यासारखे, शिकले एक आणि करतात भलतंच.

म्हणजे तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या पोराला जो प्रश्न विचारता ना, आवड की पगार, त्यातली 'आवड' हाही अंदाज असतो आणि 'पगार' हाही अंदाजच. दोन अंदाजांमधून एक निवड म्हणता, तेही शेवटच्या तारखेच्या आत.

आता आधी आवडीचंच उदाहरण घ्या. आवड म्हणजे जन्मतः आत कुठेतरी लपलेली असते आणि ती फक्त शोधून काढायची असते, असं तुमचे ते पहिले सर बोलत होते. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला लष्करी अकादमी आहे, तिथे पहिल्या दोनेक वर्षांत सगळ्यांना ठराविक विषय घ्यावेच लागतात आणि कुठल्या वेळेचा वर्ग मिळणार हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं. संशोधकांनी बघितलं की ज्यांच्या वाट्याला एखाद्या विषयाचा सकाळी साडेसातचा वर्ग आला त्यांच्यात पुढे तोच विषय मेजर म्हणून घ्यायचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी कमी होतं. साडेसातचा वर्ग! म्हणजे पोराला झोप येत होती आणि त्याला वाटलं आपल्याला हा विषयच आवडत नाही. आता यावर हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा. मला माझा संख्याशास्त्राचा वर्ग आठवला, दुपारच्या जेवणानंतरचा, पंखा बंद, सर एकसुरी, आणि मी कित्येक वर्षं सांगत फिरले की मला संख्याशास्त्र आवडत नाही. आज ऑफिसात तेच आवडीने करते.

आणखी एक. २०१८ मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या तिघा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते. काही लोक मानतात की आवड ठरलेली असते, ती सापडली की झालं. काही मानतात की आवड करता करता वाढते. लोकांना कृष्णविवरांवरचा एक सोपा, मजेदार व्हिडिओ दाखवला, सगळे खूश. मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. आवड 'सापडते' असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त धपकन खाली आला. साहजिकच आहे ना, खरी आवड असती तर अवघड का गेलं असतं, असा त्यांचा हिशोब. आता विचार करा, तुम्ही स्टेजवरून 'आपली पॅशन शोधा' म्हणून हजार पोरांना पाठवता आणि तिसऱ्या महिन्यात पहिला अवघड पेपर आला की त्यातली निम्मी स्वतःलाच विचारत बसतात, आपण चुकीच्या ठिकाणी तर नाही ना आलो. बरं, मेजर बदलणं काही पाप नाही, अमेरिकेच्या सरकारी आकड्यांप्रमाणे मेजर ठरवलेल्यांपैकी साधारण ३० टक्के पोरं पहिल्या तीन वर्षांत एकदा तरी ते बदलतात. पण ते वर्ष कुणाच्या पैशाचं जातं? तुमच्या नाही.

आवडीबद्दल अजून एक गोष्ट बोलायचीय जी कुणी बोलत नाही, कारण बोलणारा लगेच कोरडा ठरतो. आवड दाखवली की लोक तिचा फायदा घेतात. २०२० च्या एका अभ्यासात लोकांना असं दिसलं की अमुक कर्मचारी कामावर मनापासून प्रेम करतो, तर त्याला जास्तीचं बिनपगारी काम देणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं, त्याच्या कामाबाहेरची फालतू कामं सांगणं हे त्यांना जास्त रास्त वाटलं. त्याला आवडतंच की! आणि त्याआधी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, तो मी दोनदा वाचला. ही बहुतेक माणसं पदवीधर, पगार अगदी तुटपुंजा, काम घाणीत हात घालायचं, आणि तरी सोडून जायला तयार नाहीत कारण हे आपलं जीवितकार्य आहे असं त्यांना मनापासून वाटतं. अर्थ मिळतो, अभिमान मिळतो, आणि त्याच कारणाने मॅनेजमेंट आपल्याला गृहीत धरतं हेही त्यांना कळत असतं. दोन्ही खरं. मला वाटतं कला, संगीत, समाजकार्य, प्राणिशास्त्र, पत्रकारिता अशा शाखांच्या पहिल्याच दिवशी हा अभ्यास वाचून दाखवायला पाहिजे. पोरांना घाबरवायला नाही, तर त्यांनी पगाराची बोलणी करताना 'मला हे काम खूप आवडतं' हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलावं म्हणून.

आता पगारवाल्या सरांकडे वळते, त्यांना सोडणार नाहीये.

त्यांची स्लाइड यंदाची होती. पोरगी बाहेर पडणार चार वर्षांनी. रिचर्ड फ्रीमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्येच इंजिनियरांच्या बाबतीत हे लिहून ठेवलंय, की पगार वाढले की पोरांची झुंबड उडते, चार वर्षांनी सगळे एकदम बाजारात येतात, पगार पडतात, मग पोरं पाठ फिरवतात, मग माणसं कमी पडतात आणि पगार परत वर. आपलं ते शेतमालासारखं, गेल्या वर्षी भाव चढला म्हणून यंदा सगळ्यांनी तेच पेरायचं. २००० नंतर डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा, फुगा फुटला तेव्हा कंप्युटर सायन्सकडे जाणारी पोरं एकदम कमी झाली आणि जे तेव्हाही चिकटून राहिले त्यांना पुढे चांगले दिवस आले. तेलाचं बघा, २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेला बॅरल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली गेला. पेट्रोलियम इंजिनियरिंग हा सगळ्यात जास्त पगाराचा विषय म्हणून ज्यांनी २०१२ मध्ये फॉर्म भरला, ते बरोबर त्या घसरगुंडीवर बाहेर पडले. त्यांची काय चूक? स्लाइड बघून निर्णय घेतला एवढीच. आणि मंदीत बाहेर पडण्याचा फटका काही एका वर्षात भरून निघत नाही, कॅनडातल्या पदवीधरांवरच्या अभ्यासात तो पुसला जायला साधारण दहा वर्षं लागलेली दिसली.

मोठमोठ्या जाणकारांचेही अंदाज चुकतात. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन, म्हणजे एआयमधला बाप माणूस, जाहीरपणे म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, स्कॅन बघून निदान करणारे डॉक्टर, घडवणं आता बंद करा, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. ते ऐकून कुणी बेत बदलला असेल तर आज त्याला काय वाटत असेल? कारण रेडिओलॉजिस्ट अजून लागतातच. हिंटनचं चुकू शकतं तर प्लेसमेंट सेलच्या स्लाइडचं का नाही चुकणार?

आणि मग हे गंमतशीर आकडे. न्यूयॉर्कच्या त्याच फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जे जाहीर केलं त्यात नुकत्याच पदवी घेतलेल्यांमध्ये कंप्युटर इंजिनियरिंगवाल्यांची बेकारी ७.५ टक्के, कंप्युटर सायन्सची ६.१, आणि तत्त्वज्ञानाची ३.२, कला-इतिहासाची ३.०. हे कळल्यावर आवडवाल्यांनी काय उड्या मारल्या, बघा बघा, तत्त्वज्ञान शिका! पण त्याच तक्त्यात शेजारचा रकाना होता तो फार कुणी दाखवला नाही. पदवी लागतच नाही अशा नोकरीत किती जण आहेत, त्याचा तो रकाना. तिथे कला-इतिहासवाले जवळजवळ निम्मे, आणि कंप्युटर सायन्सवाले १७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकाला नोकरी मिळाली पण पदवीच्या खालची, दुसरा बेकार बसला पण खालची नोकरी घेत नाहीये असं असू शकतं. एक रकाना दाखवून दुसरा झाकला की कुठलीही गोष्ट सिद्ध करता येते, आणि हे तुमच्याइतकं चांगलं कुणाला माहीत आहे?

मग काय, पगार बघूच नये का? असं मी अजिबात म्हणत नाही, उलट जे म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मेजरने पगारात फरक पडतो, चांगलाच पडतो, आणि तो फक्त 'हुशार पोरं तिकडे जातात म्हणून' एवढ्यावर उडवून लावता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या सरकारी विद्यापीठात अर्थशास्त्र मेजर घ्यायला सुरुवातीच्या कोर्समध्ये ४ पैकी २.८ किंवा जास्त सरासरी ग्रेड लागायची. त्या रेषेच्या अगदी जरा वर असलेली पोरं आणि अगदी जरा खाली असलेली पोरं, हुशारीत तसा काहीच फरक नाही, नशिबाचा खेळ. वर राहून ज्यांना अर्थशास्त्र घेता आलं त्यांची करिअरच्या सुरुवातीच्या वर्षांतली कमाई वर्षाला साधारण २२ हजार डॉलरने, म्हणजे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच कॉलेजात, त्याच बाकांवर बसलेली पोरं.

आणि नॉर्वेचा अभ्यास तर तुमच्यापैकी एकाही कॉलेजच्या ब्रोशरमध्ये येणार नाही, पैज लावते. तिथे सगळ्या देशाचे प्रवेश एकाच यंत्रणेतून गुणांवर होतात, त्यामुळे कटऑफच्या वर-खालच्या पोरांची अशीच तुलना करता आली. २०१६ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षात दोन गोष्टी आहेत. एक, कुठला विषय घेतला याने कमाईत जेवढा फरक पडतो त्या मानाने कुठल्या नावाजलेल्या संस्थेत घेतला याने फारच थोडा पडतो. (तुमच्या नावाचं वलय, तुमची कमान, तुमचा तो रँकिंगचा बोर्ड, हे सगळं आठवून वाचा.) दोन, पोरं निवडतात तेव्हा साधारण आपल्याला जे जमेल, ज्यात आपण इतरांच्या मानाने पुढे राहू, तिकडेच जातात, आणि एखाद्या विषयाचा फायदा किती हे तो घेतला नसता तर दुसरं काय घेतलं असतं यावर ठरतं. म्हणजे 'अमुक ब्रांचचा पगार इतका' असा एकच आकडा सगळ्यांना लागू होतच नाही. माझ्या भाचीची दुसरी पसंती आणि शेजारच्या पोराची दुसरी पसंती वेगळी.

हा 'जमण्या'चा मुद्दा तुमच्या दोन्ही सरांच्या भाषणात कुठेच नव्हता. आवड आणि पगार यांच्या मारामारीत 'जमतं का' हे बिचारं कोपऱ्यात उभं असतं. माझा अनुभव असा की जे जमतं त्याची हळूहळू आवड लागते, आणि जे जमतं त्याचा पैसाही बरा मिळतो. उलटं मात्र होईलच असं नाही. नुसतं आवडतं म्हणून जमेलच असं नाही, मी गाते कशी ते माझ्या घरच्यांना विचारा.

पॅकेजच्या सरासरीवर तर मी वेगळं पत्र लिहू शकते. मायकेल जॉर्डनने, तोच बास्केटबॉलवाला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून भूगोलात पदवी घेतलीय. आता त्याच्या बॅचच्या भूगोलवाल्यांची सरासरी कमाई काढा आणि ब्रोशरवर छापा, 'भूगोल घ्या, श्रीमंत व्हा'. म्हणून मधला आकडा सांगायचा असतो, सगळ्यांना कमाईप्रमाणे ओळीत उभं केल्यावर बरोब्बर मध्ये जो उभा आहे त्याचा. त्या सत्रात मी हात वर करून विचारलं की ही सरासरी किती जणांची आहे, ज्यांना नोकरी लागली नाही ते यात धरलेत का, आणि जे मधेच सोडून गेले ते? तर सर हसले आणि म्हणाले, मॅडम, ते डिटेल्स नंतर मेलवर देतो. मेल अजून यायचाय.

शिवाय तो पहिल्या वर्षाचा पगार. पहिल्याच वर्षाचा का? तर तेवढाच तुमच्याकडे असतो आणि तेवढाच छान दिसतो. डेमिंग आणि नोरे या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं की इंजिनियरिंग, कंप्युटर अशा तांत्रिक शाखांची पगारातली आघाडी नोकरीच्या सुरुवातीला सगळ्यात मोठी असते आणि पुढच्या वर्षांत झपाट्याने घटत जाते, कारण शिकलेली कौशल्यं लवकर शिळी होतात, नवी पोरं नवं शिकून येतात, आणि जुने लोक हळूहळू दुसऱ्या कामांकडे सरकतात. मी सरकले तशी. म्हणजे पहिल्या वर्षाचा आकडा हा त्या शाखेचा सगळ्यात देखणा फोटो आहे, लग्नासाठी पाठवतात तसला.

इथे एक गोष्ट आई-बापांसाठी, कारण हे पत्र ते पण वाचतील. गॅलिलिओच्या वडिलांनी त्याला १५८१ मध्ये पिसाला डॉक्टरकी शिकायला घातलं होतं. वडील स्वतः संगीतकार होते, ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचे, म्हणजे आवडीचं काम करून हातात किती पडतं हे त्यांना पक्कं ठाऊक. पोराने डॉक्टरकी काही केली नाही, गणिताच्या नादी लागला आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच निघून आला. ही गोष्ट नेहमी बाप कसा चुकला म्हणून सांगतात. मला त्या बापाचंही पटतं हो. त्याने बघितलेलं होतं. आणि पदवी न घेता निघून आलेली जी हजारो पोरं पुढे गॅलिलिओ झाली नाहीत त्यांच्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

ज्या घरात मागे काही शिल्लक नाही, शिक्षणाचं कर्ज आहे, धाकटी भावंडं आहेत, त्या घरातलं पोर पगार बघून मेजर निवडत असेल तर त्याला 'तुझ्यात पॅशन नाही' असं ऐकवायचा कुणाला काही हक्क नाही. स्टेजवरून 'मनाचं ऐका' म्हणणारे बहुतेक असे असतात की ज्यांचं मन ऐकून झाल्यावर घरभाडं भरायला दुसरं कुणीतरी असतं. पगाराची काळजी ही पण एक प्रकारची माया आहे, घरच्यांवरची. आणि दुसऱ्या बाजूने, पगारासाठी एक काम आणि मनासाठी दुसरं असं आयुष्यभर जगलेली माणसं आहेतच की. बोरोदिन हा रशियन माणूस, पोटापाण्याला रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि तोही चांगला, आणि संगीत सुट्टीत, आजारपणात, मिळेल त्या वेळेत. त्याचा ऑपेरा १८८७ मध्ये तो वारला तेव्हा अर्धवटच होता, मित्रांनी पुरा केला. हे सोपं आहे असं म्हणत नाही, अर्धवट राहतं हेही त्यातच आलं. पण तुमच्या हॉलमध्ये हा तिसरा रस्ता कुणी उच्चारलाच नाही, कारण त्यावर ना टाळ्या पडतात ना स्लाइड बनते.

मग तुमच्याकडून मला काय पाहिजे?

पहिलं म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या नोंदींची ती झाकलेली वही उघडा. तुमच्याकडे माजी विद्यार्थ्यांचे पत्ते आहेत, देणग्या मागायला बरोबर सापडतात. तर मग त्यांनाच विचारा की दहा वर्षांनी तुम्ही काय काम करता, मधल्या माणसाला किती मिळतं, सगळ्यात खालच्या चौथाईला किती मिळतं, आणि किती जण शाखा सोडून गेले. हे होऊ शकत नाही असं सांगू नका. अमेरिकेच्या सरकारने २०१५ मध्ये कॉलेज स्कोअरकार्ड सुरू केलं आणि २०१९ मध्ये त्यात कॉलेजच्या एकेका अभ्यासक्रमाप्रमाणे कमाईचे आकडे टाकले. ब्रिटनमध्ये करखात्याच्या नोंदी शिक्षणाच्या नोंदींना जोडून असंच करतात. नाही म्हणायला त्यातही खोट आहेच, सगळे लोक त्यात येत नाहीत, पण लाल अक्षरातल्या एका पॅकेजपेक्षा ते लाख पटीने बरं.

दुसरं, कामाचा कंटाळा दाखवा. मी सिरियसली म्हणतेय. प्रत्येक कामाचा आपापला एक कंटाळा असतो आणि माणूस त्या कामात टिकतो की नाही ते त्या कंटाळ्यावर ठरतं, ब्रोशरवरच्या फोटोवर नाही. वकिली म्हणजे कोर्टातली भाषणं कमी आणि कागद वाचणं जास्त. इतिहास म्हणजे लढायांच्या गोष्टी कमी आणि न लागणारं हस्ताक्षर लावत बसणं जास्त. प्रोग्रामिंग म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या गोंधळात चूक शोधणं. आर्किटेक्चर म्हणजे मापं, परवानग्या, आणि परत मापं. हे ऐकूनही ज्याचे डोळे चमकतात त्याला तिथे जाऊ द्या, बाकीच्यांना निदान आधी कळू द्या. एका माजी विद्यार्थ्याला बोलवा, यशस्वी वगैरे नको, साधा, आणि त्याला विचारा काल दिवसभर काय केलंस. बस, एवढंच.

तिसरं जरा अवघड आहे. शक्य तिथे निर्णय उशिरा घेऊ द्या. इंग्लंडमध्ये पोरं विद्यापीठात शिरायच्या आधीच विषय ठरवून अर्ज करतात, स्कॉटलंडमध्ये सुरुवातीची दोनेक वर्षं बरेच विषय चाखून मग ठरवतात. ऑफर मालामुद नावाच्या संशोधकाने दोन्हीकडच्या पदवीधरांची तुलना केली तेव्हा लवकर ठरवणारे इंग्लंडवाले पुढे शिकलेला विषय सोडून भलत्याच कामाकडे जास्त वळलेले दिसले. तुमचं वेळापत्रक, तुमच्या विभागांची आपापसातली ओढाताण, सीटा भरायची घाई, हे सगळं मला समजतं. पण पहिल्या वर्षात दोन-तीन वेगळे विषय खरेखुरे घेता येतील आणि बदललं तर आख्खं वर्ष वाया जाणार नाही, एवढी फट ठेवणं तुमच्याच हातात आहे. आणि ते जमलंच तर सकाळी साडेसातला काही ठेवू नका.

भाचीचं अजून ठरलेलं नाही. तिला जीवशास्त्र आवडतं, आकडे जमतात, आणि घरी तिच्या आईला वाटतं तिने कंप्युटर घ्यावं. मी तिला काहीही सल्ला दिला नाही, फक्त तिच्याबरोबर बसून चार प्रश्न लिहून काढले आणि ते तिने तुमच्यातल्या पाच कॉलेजांना पाठवलेत. या शाखेतून दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांपैकी मधला माणूस आज काय करतो आणि त्याला किती मिळतं? किती जणांनी मधेच सोडलं? दुसऱ्या वर्षी मेजर बदलायचं झालं तर काय काय बुडतं? आणि या शाखेतल्या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर एका कॉलेजच्या हेल्पडेस्कवरच्या मुलीने फोनवरच दिलं, स्वतः त्याच शाखेतली होती म्हणे, दहा मिनिटं मनापासून बोलली आणि शेवटी म्हणाली, हे मी सांगितलं म्हणून कुठे सांगू नका. पहिल्या तिन्हींची वाट बघतोय. फॉर्मची शेवटची तारीख तुम्हाला माहीतच आहे.

आपली,
एक मावशी